पैशाचं सोंग आणता येत नाही: ऑनलाइन समुदाय चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रिय अ‍ॅडमिन आणि मॉडरेटर मंडळींनो,

नोकरीधंदा सांभाळून उरलेल्या वेळात तुम्ही इतरांच्या बोलण्याची जागा सांभाळता. कुणी गप्पांचा सर्व्हर चालवतं, कुणी फेडिव्हर्सवरचं, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यावरचं, एखादं ठिकाण, कुणी एखाद्या आजाराच्या रुग्णांचा किंवा छंदाचा गट, तोही मोठ्या कंपनीच्या आवारात. रात्री तक्रार आली की तुम्ही उठून बघता. डिस्क भरली की तुम्हीच जुन्या फायली काढून जागा करता. सर्व्हरचं बिल आलं की बहुतेक वेळा तेही तुम्हीच पदरमोड करून भरता आणि त्याबद्दल कुणाजवळ बोलत नाही.

मला बोलायचंय ते या शेवटच्या गोष्टीबद्दल.

मीही बरीच वर्षं अशा जागांना हातभार लावत आले आहे, कधी सर्व्हरची देखभाल करून, कधी सभासदांची भांडणं सोडवून. आपल्या वर्तुळात खासगीपणावर तासन्‌तास चर्चा होते, विकेंद्रीकरणावर तर वाद रंगतात. पैशाचा विषय निघाला की मात्र सगळे गप्प होतात. ‘बघू, सध्या चाललंय ना’ असं म्हणून तो पुढे ढकलला जातो. माझं म्हणणं असं आहे की हे तिन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत आणि गुंत्याचं टोक पैशापाशी आहे. खर्च कोण उचलतं यावरून सभासदांची किती माहिती साठवली जाईल हे ठरतं, आणि किल्ल्या शेवटी कुणाच्या हाती जातील हेही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण सर्व्हरलाही लागू आहे. म्हणून खर्चाची गोष्ट सभासदांसमोर, आकड्यांसकट आणि सगळ्यांत आधी व्हावी, ही तुम्हाला कळकळीची विनंती.

वेळेवर हे बोलणं झालं नाही की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. अनोळखी प्रवाशाला आपल्या घरी विनामूल्य मुक्काम देणाऱ्यांचा काउचसर्फिंग हा समुदाय स्वयंसेवकांच्या कष्टावर उभा राहिला. 2011 मध्ये त्या ना-नफा संस्थेची कंपनी झाली आणि गुंतवणूकदार आले. मे 2020 मध्ये, साथीमुळे प्रवासच थांबलेला असताना, अनेक देशांतल्या सभासदांनी लॉगिन केलं तर समोर पैसे भरायची सूचना. भरल्याशिवाय स्वतःचं प्रोफाइल, जुने संदेश, वर्षानुवर्षं जमवलेले अभिप्राय, काहीच उघडेना. रक्कम फार मोठी नव्हती. इतकी वर्षं खर्चाबद्दल कुणी विश्वासात घेतलं नाही आणि आता आमच्याच आठवणी अडवून पैसे मागताय, हा लोकांचा संताप होता आणि मला तो पूर्णपणे रास्त वाटतो. हेच पैसे पाच वर्षं आधी, हिशेब दाखवून मागितले असते तर त्यातल्या कितीतरी जणांनी ते आनंदाने दिले असते.

विषयवार गटांत चर्चा चालणाऱ्या रेडिट या संकेतस्थळाची गोष्ट त्याहून ताजी. एप्रिल 2023 मध्ये कंपनीने जाहीर केलं की बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटशी जोडलं जाण्यासाठी आता पैसे मोजावे लागतील. अपोलो या लोकप्रिय अ‍ॅपच्या निर्मात्याने हिशेब मांडला तेव्हा वर्षाचा आकडा सुमारे 2 कोटी डॉलरवर गेला. त्याने अ‍ॅप बंद केलं. 12 जूनला हजारो गटांच्या मॉडरेटरांनी निषेध म्हणून आपापले गट बंद ठेवले. आठ-दहा वर्षं विनामोबदला राबलेल्या त्या लोकांना कळवण्यात आलं की गट उघडा, नाहीतर तुमच्या जागी दुसरे नेमू. पुढच्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरली, आणि त्या वेळच्या कागदपत्रांत एक आकडा होता: सभासदांनी लिहिलेला मजकूर इतर कंपन्यांना वापरायला देण्याचे करार, एकूण किंमत 20 कोटी 30 लाख डॉलर. कराराची एक बाजू सभासदांनी लिहिलेली वाक्यं होती. त्या टेबलावर सभासदाला खुर्ची मात्र नव्हती.

याच्या उलट एक जुनी घटना आहे, जी आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. फेब्रुवारी 2002 मध्ये विकिपीडिया जेमतेम वर्षाचा होता आणि एका खासगी कंपनीच्या खर्चाने चालत होता. पुढे जाहिराती येऊ शकतात असा नुसता उल्लेख झाला, तेवढ्यावर स्पॅनिश विकिपीडियाच्या लेखकांनी सगळा मजकूर उचलला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर स्वतंत्र ज्ञानकोश सुरू केला. मजकुराचा परवाना खुला होता म्हणून त्यांना हे करता आलं. त्याच वर्षी विकिपीडिया ‘डॉट कॉम’ सोडून ‘डॉट ऑर्ग’वर गेला, 2003 मध्ये विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि आजही तिथे जाहिरात नाही, वाचकांच्या देणग्यांवर कारभार चालतो. सगळं श्रेय त्या एका बंडाला देता येणार नाही. पण पैशाचा प्रश्न समुदायाने पहिल्याच वर्षी दामटून विचारला, आणि निघून जाण्याची वाट उघडी होती म्हणून त्या प्रश्नाला वजन आलं.

जाहिरातींबद्दल आणखी एक सांगते, कारण ‘थोड्याशा जाहिराती ठेवू, कुणाला त्रास नाही’ हा सल्ला तुम्हालाही मिळत असेल. मेटाफिल्टर हा 1999 पासूनचा, उत्तम मॉडरेशनसाठी नावाजलेला समुदाय. तिथे मॉडरेटरांना पगार मिळत असे आणि तो मुख्यतः जाहिरातींतून निघत असे. नोव्हेंबर 2012 मध्ये गुगलच्या शोधात त्यांची पानं एकाएकी खाली गेली, येणाऱ्यांची संख्या आणि उत्पन्न दोन्ही कोसळलं, आणि 2014 मध्ये माणसं कमी करावी लागली. समुदायाने काहीच वावगं केलं नव्हतं. दुसऱ्याच्या गणितात कुठेतरी एक आकडा हलला होता. पुढे सभासदांनी स्वतःच वर्गणी काढून ती जागा टिकवली. तेव्हा जाहिरात म्हणजे चौकटीतलं एक निरुपद्रवी चित्र, असं समजू नका. तिच्यामागे सभासद काय वाचतो, किती वेळ थांबतो याची नोंद ठेवणारी यंत्रणा येते, आणि तुमच्या जागेचं भवितव्य बाहेरच्या हाती जातं.

आता खासगीपणाकडे वळते. इथे आपण लहान जागावाले एक समजूत मनाशी बाळगून असतो: मोठ्या कंपन्या हेरगिरी करतात, आपण करत नाही, म्हणजे आपली जागा सुरक्षित. हेतू चांगला असणं वेगळं आणि माहिती सुरक्षित असणं वेगळं. तुमच्या सर्व्हरचं व्यवस्थापनाचं पान एकदा सभासदाच्या नजरेने उघडून बघा. फेडिव्हर्सवरच्या मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेऊ. एका सभासदाच्या नावावर टिचकी मारली की त्याचा ईमेल दिसतो, तो शेवटचा कधी आला हे दिसतं, कुठल्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून) आला ती यादी दिसते, त्याने कुणाविरुद्ध आणि त्याच्याविरुद्ध कुणी तक्रार केली तेही दिसतं. आयपी पत्ते मूळ मांडणीत वर्षभर साठवले जातात. ही मुदत कमी करता येते, पण ते करायला कुणीतरी ती ओळ उघडावी लागते. सभासद ज्याला ‘खासगी संदेश’ समजतात तो एन्क्रिप्ट, म्हणजे कूटबद्ध, केलेला नसतो, डेटाबेस हातात असलेल्या माणसाला तो वाचता येतो. हे सगळं दुष्टपणाने केलेलं नाही, सॉफ्टवेअर तसं आहे. तुम्ही किती जणांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे?

मे 2023 मध्ये कोलेक्टिव्हा.सोशल या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या एका अ‍ॅडमिनच्या घरावर अमेरिकेच्या एफबीआयने छापा टाकला. कारण सर्व्हरशी संबंधित नव्हतं. पण नेमकं त्या वेळी तो अ‍ॅडमिन दुरुस्तीचं काम करत होता आणि सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रत त्याच्या यंत्रात होती. ती जप्त झाली. हजारो लोकांचे ईमेल, आयपी पत्ते, आपसांतले संदेश, सगळं एका असंबंधित प्रकरणात सरकारच्या ताब्यात गेलं. मी त्या अ‍ॅडमिनला बोल लावत नाही. रात्री घरी बसून, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या वेळात दुरुस्ती करायची म्हटली की अशीच प्रत घरी येते. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर, कूटबद्ध बॅकअप, काम वाटून घ्यायला दुसरा माणूस, या सगळ्याला पैसा आणि वेळ लागतो. इथे खासगीपणा आणि निधी या दोन शब्दांमधली भिंत माझ्यापुरती तरी पडते. थकलेला, एकटा, पदरमोड करणारा अ‍ॅडमिन हाच लहान जागांमधला सभासदांच्या माहितीला असलेला सगळ्यांत मोठा धोका आहे, मग त्याचा हेतू कितीही स्वच्छ असो.

मोठ्यांकडे पैसा आहे म्हणून तिथे सारं सुरक्षित असतं असंही नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या व्यासपीठाने कळवलं की ग्राहकसेवेचं काम दिलेल्या बाहेरच्या कंपनीमार्फत घुसखोरी झाली आणि सुमारे 70,000 लोकांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रं उघड झाली असण्याची शक्यता आहे. वय सिद्ध करण्याच्या वादात लोकांनी ती छायाचित्रं दिली होती. काम झाल्यावर ती तिथे कशासाठी राहिली, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

याच्याशेजारी 2016 मधली एक घटना ठेवून बघा. अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने सिग्नल ही संदेशसेवा बनवणाऱ्या ओपन व्हिस्पर सिस्टिम्सकडे वापरकर्त्याची माहिती मागितली. त्यांनी आदेश पाळला आणि जवळ होतं ते सगळं दिलं: खातं कधी उघडलं, आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. एवढंच. संपर्कांची यादी नव्हती, गटांची नावं नव्हती, संदेश नव्हते. वकिलांची फौज नसलेल्या आपल्यासारख्यांना यातून घेता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. जे साठवलंच नाही ते ना कुणी चोरू शकत, ना कुणी मागू शकत. आणि कमी साठवणं स्वस्तही पडतं. आठवड्यानंतर कुणी उघडतच नाही अशा नोंदी सात दिवसांनी पुसल्या तर डिस्क वाचते, बॅकअप लहान होतो. आयपी पत्त्यांची मुदत कमी करा. फोटोंतली जागेची माहिती चढवतानाच काढून टाका. जन्मतारीख, खरं नाव, फोन नंबर यांपैकी जे तुम्ही गेल्या वर्षभरात एकदाही वापरलं नाही तो रकानाच नोंदणीतून उडवा. सभासदाने पोस्ट काढली तरी ती बॅकअपमध्ये किती दिवस राहते, हे त्याला सांगा. हे सांगण्यात कमीपणा नाही.

विकेंद्रीकरणाबद्दल मात्र मला जरा परखड बोलायचं आहे, कारण हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. हजार सर्व्हर आणि हजार मालक, म्हणजे विकेंद्रीकरण झालं, असं समजायची पद्धत आहे. पण त्या प्रत्येक सर्व्हरचं डोमेन (इंटरनेटवरचं नाव) एकाच माणसाच्या नावावर, बिल त्याच्याच कार्डावर, पासवर्ड त्याच्याच डोक्यात असेल तर आपण फक्त एका मोठ्या तंबूऐवजी हजार एकखांबी तंबू उभारले. खांब आजारी पडतो, कंटाळतो, त्याची नोकरी जाते, त्याला मूल होतं. मग एक दिवस सूचना येते की महिनाअखेरीस सर्व्हर बंद. सूचना आली तर नशीब.

क्रिस नोव्हाची गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. हॅकिडर्म हा मॅस्टोडॉन सर्व्हर तिने सुरू केला तो तिच्या घराच्या तळघरातल्या यंत्रांवर. 27 ऑक्टोबर 2022 ला इलॉन मस्कने ट्विटर ताब्यात घेतलं आणि माणसांचे लोंढे इकडे वळले. काहीशे सभासदांचं ते ठिकाण महिनाभरात 30,000 च्या घरात गेलं. डिस्क दम तोडू लागल्या, पानं उघडायला वेळ लागू लागला. नोव्हा आणि तिच्या सोबत्यांनी त्या धावपळीत केलेल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, काय बिघडलंय आणि कसं दुरुस्त करतोय हे त्यांनी सविस्तर, तांत्रिक तपशिलांसकट सगळ्यांसमोर लिहिलं आणि सर्व्हर तळघरातून भाड्याच्या यंत्रांवर हलवला. दुसरी, त्यांनी त्या जागेभोवती निव्हेनली फाउंडेशन नावाची सभासदांची ना-नफा संस्था उभी केली. ऑगस्ट 2023 मध्ये गिर्यारोहण करताना झालेल्या अपघातात क्रिस नोव्हाचा मृत्यू झाला. हॅकिडर्म सुरू राहिलं.  ती जागा एकट्या व्यक्तीवर उभी नव्हती, मागे संस्था आणि माणसं होती.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर काही अटी पाळाव्या लागतात. त्यांतल्या तीन अशा: रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हरपर्यंत पोहोचू शकणारा आणखी किमान एक माणूस, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. या तिन्ही अनुभवातून आलेल्या वाटतात. तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर वापरत असा, या तीन आजच उचलायला हरकत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित किल्ली म्हणजे डोमेन. 2021 च्या मे महिन्यात फ्रीनोडवर जे झालं ते आठवा. खुल्या सॉफ्टवेअरच्या जगाचा तो गप्पांचा कट्टा स्वयंसेवक चालवत होते, पण त्याची कंपनी काही वर्षांपूर्वीच विकली गेली होती. ताबा नेमका कुणाचा, यावरून वाद पेटला तेव्हा स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले आणि लगेच लिबेरा चॅट उभं केलं. पद्धत खुली होती, सर्व्हर चालवणारी माणसं तीच होती, त्यामुळे उबुंटूपासून विकिमीडियापर्यंतचे समुदाय भराभर तिकडे गेले. न्यायला जमलं नाही ते नाव. वीसेक वर्षांची ओळख असलेलं नाव मागे राहिलं, आणि नव्या पत्त्याचा उल्लेख करणाऱ्या शेकडो चॅनेलांचा ताबा जुन्या ठिकाणी काढून घेतला गेला. लिबेरा आता स्वीडनमध्ये नोंदलेली ना-नफा संस्था आहे आणि तिथे काम करणारे स्वयंसेवकच तिचे मतदार सभासद आहेत. धडा त्यांनी नीट घेतला. क्वीअर.एएफ (‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं शेपूट) या सर्व्हरचं तर डोमेनच फेब्रुवारी 2024 मध्ये तालिबानच्या अखत्यारीतल्या अफगाणिस्तानच्या यंत्रणेने गोठवलं. दोन अक्षरांचं गोड शेपूट निवडताना ते कुठल्या राजवटीच्या हातात आहे याचा विचार सहसा होत नाही.

आणि निघून जाण्याची वाट. गुगल टॉक या गप्पांच्या सेवेने 2006 मध्ये एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीने इतर सर्व्हरांशी जोडून घेतलं, लोकांनी स्वतःचे लहान सर्व्हर सोडून सोयीसाठी तिथे खाती काढली, 2013 मध्ये गुगलने हँगआउट्स आणलं आणि ती जोडणी नव्या सेवेत राहिली नाही. खुली पद्धत कागदावर खुलीच होती, माणसं मात्र आत अडकली. मॅस्टोडॉनवरसुद्धा सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, लिहिलेलं नेता येत नाही. तुमच्या सभासदाला आज जायचं झालं तर काय काय घेऊन जाता येईल, हे स्वतः करून बघा. एक खातं उघडा, चार गोष्टी लिहा, मग निर्यात करा आणि हाती आलेली फाइल उघडून वाचा. ती वाचता येत नसेल तर वाट उघडी आहे असं म्हणू नका.

याबाबतीत फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेचं मला विशेष कौतुक वाटतं. 2014 पासून त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या सेवांना पर्याय म्हणून कितीतरी सेवा सुरू केल्या. त्या लोकप्रिय झाल्या. मग 2019 मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आम्ही यातल्या काही टप्प्याटप्प्याने बंद करणार, कारण सगळे आमच्याकडेच येऊ लागले तर आम्हीच नवं केंद्र होऊ. लोकांना त्यांनी इतर लहान संस्थांकडे पाठवलं. वाढ हेच यश मानणाऱ्या कुठल्याही गुंतवणूकदाराने हे करू दिलं नसतं. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला ते जमलं.

तर पैसे मागायचे कसे?

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. मागायला संकोच वाटतो म्हणून आपण गप्प बसतो, आणि गप्प बसल्यामुळे सभासदांना वाटत राहतं की हे सगळं फुकटात होतं. सिग्नलने नोव्हेंबर 2023 मध्ये आपला खर्च उघडपणे मांडला. 2025 पर्यंत वर्षाला सुमारे 5 कोटी डॉलर लागतील, असं त्यांनी सांगितलं. आणि त्या वेळच्या पायाभूत खर्चात सगळ्यांत मोठा वाटा होता नोंदणीच्या वेळी जाणाऱ्या एसएमएस-पडताळणीचा, वर्षाला सुमारे 60 लाख डॉलर. संदेशांपेक्षा, साठवणुकीपेक्षा मोठा. बाहेरून बघणाऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. आकडे समोर आल्यावर संभाषणच बदलतं. देणाऱ्याला आपण कशाला देतोय ते कळतं आणि चालवणाऱ्यालाही कुठे वाचवता येईल ते दिसतं. तुमचं प्रमाण लाखो पटींनी लहान असेल. पान मात्र तसंच लिहिता येईल: सर्व्हरला किती, साठवणुकीला किती, डोमेनला किती, बॅकअपला किती, आजवर कुणी भरले, आणि किती महिन्यांचं शिल्लक आहे. त्याच पानावर एक ओळ तासांची टाका. मॉडरेशनला महिन्याला साधारण किती तास गेले आणि ते किती जणांत वाटले गेले. त्या तासांचे पैसे तुम्ही मागणार नसाल, तरी ती ओळ हवीच. तक्रारींतले किळसवाणे फोटो, धमक्या, आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा मध्यरात्रीचा संदेश, हे सगळं कुणीतरी वाचत असतं. सर्व्हरचं भाडं हा खर्चाचा सोपा भाग आहे.

मागताना खासगीपणा विसरू नका. देणगी देणाऱ्याचं खरं नाव आणि बँकेचा तपशील पैसे गोळा करणाऱ्या सेवेकडे जातो. टोपणनावाने वावरणाऱ्या सभासदासाठी, विशेषतः ज्या गटांत ओळख उघड होणं धोक्याचं आहे तिथे, वर्गणी देणं म्हणजे स्वतःचा माग सोडणं. म्हणून खात्याचं नाव आणि देणगीदाराचं नाव एकत्र ठेवणारी यादी बनवूच नका. ‘आधारस्तंभ’ असा बिल्ला नावापुढे लावायचा मोह होईल. मागितल्याशिवाय लावू नका. आणि पैसे देणाऱ्याला मतात जास्त वजन देऊ नका. ज्याला देणं शक्य नाही तो सभासद पूर्ण सभासदच राहिला पाहिजे.

एका मोठ्या देणगीदारावर विसंबू नका, तो कितीही सज्जन असो. निम्म्याहून अधिक खर्च एकाच खिशातून येत असेल तर त्या खिशाचा मूड बदलला की तुमची जागा हलते. पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थ संस्थेवरही डोळे मिटून राहू नका. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन शेकडो लहान गटांचे पैसे आणि कायदेशीर बाजू सांभाळत होतं; फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी जाहीर केलं की वर्षाअखेरीस संस्था विसर्जित होणार, आणि त्या सगळ्या गटांना काही महिन्यांत दुसरं घर शोधावं लागलं. पारदर्शक, चांगल्या हेतूची संस्था होती ती. शिल्लक तीन-चार महिन्यांची असेल तर अशा धक्क्यातून सावरायला वेळ मिळतो. त्याहून जास्त साठवायच्या मागे लागू नका, लहान जागेत मोठी शिल्लक नवी भांडणं आणते.

‘लोक देणार नाहीत’ हे मला बरेचदा ऐकवलं जातं. काही ठिकाणी खरंच देणार नाहीत. पण तेही कळायला हवं, कारण मग पुढचा निर्णय प्रामाणिक होतो: जागा लहान करायची, फोटो-व्हिडिओ बंद करून फक्त मजकूर ठेवायचा, दुसऱ्या समुदायासोबत सर्व्हर वाटून घ्यायचा. तुमच्या मुकाट पदरमोडीने हा निर्णय फक्त लांबतो आणि त्या काळात सभासदांची माहिती आणखी साठत जाते.

मोठ्या कंपनीच्या व्यासपीठावर गट चालवणाऱ्यांनो, तुम्हाला सर्व्हरचं भाडं नाही म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नका. याहू ग्रुप्सवरच्यांनाही भाडं नव्हतं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना कळलं की गटांतला सगळा जुना मजकूर काढून टाकला जाणार आहे, आणि 2020 च्या डिसेंबरमध्ये सेवाच बंद झाली. निदान एक डोमेन गटाच्या मालकीचं घ्या, दोघांच्या हाती ठेवा, आणि त्यावर एवढंच लिहा की आम्ही सध्या इथे आहोत, ही जागा गेली तर नवा पत्ता याच पानावर मिळेल. सभासदांचे फोन नंबर किंवा ईमेल गोळा करण्यापेक्षा हे बरं. पत्ता लोकांकडे राहतो, लोकांची यादी तुमच्याकडे साठत नाही.

आणि शेवटी बंद करण्याबद्दल, कारण त्यावर कुणीच लिहीत नाही. पैसे जमले नाहीत, माणसं थकली, विषयच संपला, तर बंद करणं हा गुन्हा नाही. तीन महिने आधी सांगा. निर्यात शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवा. उरलेले पैसे कुठे गेले ते त्याच हिशेबाच्या पानावर लिहा. मग डेटाबेस पुसा, आणि बॅकअपही पुसा, त्या घरच्या ड्राइव्हवरच्या प्रतीसकट. डोमेन मात्र लगेच सोडू नका. सोडलेलं डोमेन कुणीही विकत घेऊ शकतं, आणि त्या नावावर चालणारे ईमेल पत्ते असतील तर त्यांच्यावर येणारी पासवर्ड बदलण्याची पत्रं नव्या मालकाला मिळतात. तुमच्याच नावाची बनावट जागा उघडून जुन्या सभासदांना फसवणंही त्याला सोपं जातं. निदान तीन-चार वर्षं ते नाव भरत राहा, आणि तो खर्च बंद करण्याच्या अंदाजपत्रकातच धरा.

तुमची,
तुमच्यातलीच एक अ‍ॅडमिन